नोंदणी पद्धतीने लग्न : कुठे अडतं, कसं सुटतं? (अनुभव धागा)

रानजाई
आज एका सरकारी कार्यालयाच्या फळ्यावर लग्नाच्या नोटिसा दिसल्या आणि नोटिशीपायी तारीख पुढे गेलेलं एक जुनं लग्न आठवलं. मानपान नको, मंगलाष्टकं नकोत, दोघांनी सह्या करून संसार मांडायचा असं ठरवणाऱ्यांना 'लोक काय म्हणतील' सांगणारे ढीगभर भेटतात. कागद कुठले लागतात ते सांगणारं कुणी नसतं. जाणकारांनी इथे लिहा.

नोंदणी पद्धतीचं लग्न होतं ते विशेष विवाह कायदा, १९५४ खाली. मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण. जिथे नोटीस द्यायची त्या जिल्ह्यात नोटिशीआधी दोघांपैकी एक तरी किमान ३० दिवस राहिलेला हवा. नोटीस फळ्यावर लागली की कुणाची हरकत येते का यासाठी ३० दिवस थांबायचं, पण नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांच्या आत लग्न झालंच पाहिजे. उलटले की नवी नोटीस आणि परत ३० दिवस. परदेशातून येणाऱ्यांनी रजा आणि तिकिटं यावरूनच ठरवावीत.

काळा_कोट
कोर्टाचा यात काही संबंध नाही, 'कोर्ट मॅरेज' नुसतं तोंडात बसलंय. विवाह अधिकाऱ्याकडे होतं.

ताई, एक महत्त्वाचं राहिलं. पुण्यात भाड्याने राहता आणि कायमचा पत्ता सांगलीचा, तर नोटिशीची प्रत सांगलीच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथल्या फळ्यावरही लावतात. घरी सांगायचं असेल तर आधी स्वतः सांगा. धोका असेल तर नोटिशीच्या आधी वकिलाशी बोला, पोलीस संरक्षणाचा अर्ज तयार ठेवा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी जिल्हावार विशेष कक्ष उभारायला सांगितलेत.

हरकतीचं : जात वेगळी, धर्म वेगळा, आईवडील नाराज, हे हरकतीचं कारण होऊच शकत नाही. आधीचा जोडीदार हयात असून घटस्फोट नाही, वय कमी, संमती देण्याइतकी मनःस्थिती नाही, निषिद्ध नातं (कायद्याने वर्ज्य ठरवलेलं जवळचं नातं). एवढंच चालतं. अधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा. हरकत उगाच घेतलेली निघाली तर हरकत घेणाऱ्याला १००० रुपयांपर्यंत खर्च भरायला लावता येतो.

सायली_मु
कुकर लावलाय, पटकन लिहिते. साक्षीदार तीन, तिघांचेही ओळखपत्र मूळ प्रतीसह. एक जण ट्रॅफिकमध्ये अडकला की सगळे ताटकळतात, चौथा माणूस सोबत ठेवाच. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार यांवर नाव वेगळं असेल (मधलं नाव गायब, 'व'चा 'ब') तर आधी ते दुरुस्त करा, फाइल तिथेच अडते. घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, साधी झेरॉक्स नको. जोडीदार वारला असेल तर मृत्यू दाखला.

ओलीमाती
मामाच्या मुलीशी करायचं असेल तर? आमच्याकडे चालतं.

काळा_कोट
हिंदू विवाह कायद्यात रूढी असेल तर चालतं. विशेष विवाह कायद्याच्या यादीत आते-मामे भावंडं निषिद्ध नात्यात आहेत आणि रूढीची सूट राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केली असेल तरच मिळते. इथे बरेच जण अडकतात.

पाणपोई
'एका दिवसात लग्न, सर्टिफिकेट हातात' म्हणणाऱ्या एजंटांपासून सावध राहा, अगदी कळकळीने सांगतोय. ते लग्न हिंदू विवाह कायद्याखाली लावतात आणि मग पालिकेत लग्ननोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना 'ड', भरतात. त्या कायद्याला दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख लागतात. शिवाय विधी खरोखर झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न सिद्ध होत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय. आंतरधर्मीय जोडप्याने ते ३० दिवस काढावेतच.

कुंदा७
हार घालू देतात का हो? फोटो?

सायली_मु
बहुतेक ठिकाणी घालू देतात कुंदाताई, पण पुढचं जोडपं खोळंबलेलं असतं, दोन मिनिटांत आटपा. निशिगंधाचे घ्या, गुलाबाच्या पाकळ्या सगळ्या टेबलावर गळतात. अंगठ्याच्या शाईसाठी ओला रुमाल न्या, फिकट साडीला डाग पडतो.

कुंदा७
निशिगंध सध्या केवढ्याला आहे पण! गजरेच बरे.

रानजाई
आडनावाचंही लिहून ठेवते. लग्नाच्या दाखल्याने नाव आपोआप बदलत नाही आणि बदलायची सक्तीही नाही. बदललंच तर राजपत्र, पॅन, आधार, बँक सगळीकडे एकाच स्पेलिंगने. नाही बदललं तरी पीएफचं नामनिर्देशन मात्र नव्याने करा, लग्नाआधी आईवडिलांच्या नावे केलेलं लग्नानंतर बाद होतं. हे कुणी सांगत नाही आणि मग नंतर फार धावपळ होते.

ओलीमाती
शपथेचं वाक्य इंग्रजीतच म्हणावं लागतं का? आजीला यायचंय, तिला समजलं पाहिजे. आणि तिला जिना चढवत नाही.

काळा_कोट
तुम्हा दोघांना समजते त्या कुठल्याही भाषेत. 'मी तुमचा विधिवत पती / पत्नी म्हणून स्वीकार करते / करतो' अशा अर्थाचं, अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर, मराठीत खुशाल म्हणा. जिन्याचं म्हणाल तर जादा शुल्क भरून कार्यालयापासून वाजवी अंतरावरच्या जागी विवाह अधिकाऱ्याला बोलावता येतं. नोटीस देतानाच विचारून ठेवा.

कुंदा७
मग आजींच्या घरीच करा की. चहा मी पाठवते.