भाच्यावर केस झालीय, वय 17 वर्षं 10 महिने. 18 पूर्ण झाल्यावर काय?

सिडकोवाला_मामा
नमस्कार मंडळी, टेन्शनमध्ये लिहितोय, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. बहिणीचा मुलगा बारावीला आहे. गेल्या आठवड्यात क्लासच्या बाहेर पोरांची मारामारी झाली, हा सोडवायला मध्ये पडला का ह्यानेच सुरुवात केली ते देव जाणे, पण समोरच्या पोराच्या डोक्यात कडं बसलं आणि सात टाके पडले. ह्यांच्यात 19 वर्षांचा एकजण होता, त्याला अटक झाली. भाच्याला रात्री जेवत्या ताटावरून नेलं. ताईने ते ताट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उचललं नव्हतं, भात वाळून कडक झाला तरी तिथेच बसून होती.

दुसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन दिला, पोरगं घरी आहे. पण चौकीतला एकजण म्हणाला की कलम 109, खुनाचा प्रयत्न, लागलंय आणि पोरगं सोळाच्या वर आहे, म्हणजे केस मोठ्यांसारखीच चालणार. वर दोन महिन्यांनी तो 18 चा होतोय, मग फाइल रेग्युलर कोर्टात जाते का? आणि सगळ्यात मोठं म्हणजे पोलीस भरतीची तयारी चालू आहे त्याची, दीड वर्षं रोज पहाटे गोल्फ क्लबवर पळायला जातो. ते सगळं पाण्यात गेलं का? दाजी अंबडला कंपनीत, नाईट शिफ्ट, ते तर बोलतच नाहीयेत कोणाशी.

स्पष्टबोल्या
ज्याला सात टाके पडले त्याच्या आईचं ताट कोणी पाहिलं का मामा? राग मानू नका पण 17 वर्षांच्या पोराला सगळं कळतं. कळत नाही ते फक्त कायद्याला. आता 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगतील आणि देतील सोडून, पुण्याचं कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरण विसरलेलो नाही आम्ही. 16 च्या वर सरसकट मोठ्यांचा कायदा लावा, कोयते घेऊन फिरणं आपोआप बंद होईल.

काळा_कोट_नाशिक
मामा, चौकीतल्या माणसाने तुम्हाला अर्धवट सांगितलंय.

वय बघतात ते गुन्हा घडला त्या दिवसाचं. पोरगं उद्या 18 चं झालं काय किंवा केस चालता चालता 20 चं झालं काय, मंडळापुढेच राहतं.

आता 109, म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेतलं, जुन्या आयपीसीतलं 307, खुनाचा प्रयत्न. 16 ते 18 मधल्या मुलाला मोठ्यांसारखं चालवायचं का हा प्रश्न फक्त हीनस गुन्ह्यात येतो, आणि हीनस कशाला म्हणायचं तर ज्याला कायद्यात किमान सात वर्षं शिक्षा लिहिलीय. किमान, हा शब्द धरून ठेवा. 109 ला कमाल शिक्षा मोठी आहे पण तुमच्या भाच्याला लागू शकेल अशा भागात किमान काहीच नाही. अशा कलमांचं काय करायचं ते 2015 च्या बाल न्याय कायद्यात लिहायचंच राहून गेलं होतं, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही 'गंभीर' मध्ये धरा, हीनस मध्ये नाही, आणि 2021 च्या दुरुस्तीत ते कायद्यातच आलं. त्यामुळे 109 राहिलं तरी भाचा मंडळापुढेच. आणि सात टाक्यांवर 109 टिकतं का ते मेडिकल सर्टिफिकेट हातात आल्यावर बघू.

एफआयआर झाली कारण सोबत 19 चा होता. नुसती अल्पवयीन पोरं असती आणि गुन्हा हीनस नसता तर स्टेशन डायरीला नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीचा रिपोर्ट मंडळाकडे पाठवतात. त्या 19 वाल्याची केस वेगळी चालणार, दोघांना एकत्र चालवता येत नाही.

स्पष्टबोल्या, निबंधाची अट मलाही पटली नव्हती. पण तिथेही गाडं ह्याच 'किमान' वर अडलं. 304 ला, म्हणजे सदोष मनुष्यवधाला, किमान सात वर्षं नाहीत. जुलै 2025 मध्ये मंडळाने त्या मुलाला प्रौढ म्हणून चालवायची पोलिसांची मागणी फेटाळली. आणि तुम्ही म्हणता तसा कायदा होता की आपल्याकडे, 1986 च्या कायद्यात मुलग्यांसाठी वय 16 च होतं, मुलींसाठी 18. 2000 मध्ये दोघांना 18 केलं. मग 2012 चं दिल्लीचं निर्भया प्रकरण झालं, त्यातला अल्पवयीन तीन वर्षं काढून 20 डिसेंबर 2015 ला सुटला आणि 22 तारखेला राज्यसभेने नवीन कायदा पास केला. दोन दिवसांत. रागात केलेल्या कायद्यात असे शब्द सुटून जातात, आणि मग आम्ही वकील त्यावर पाच-पाच वर्षं भांडतो.

सिडकोवाला_मामा
वकील ताई खूप खूप आभार, बहिणीला वाचून दाखवलं आत्ताच. भरतीचं पण सांगा ना. अजून एक, जन्मदाखला नीट आहे पण शाळेच्या दाखल्यावर तारीख वेगळी आहे, त्याने घोळ होईल का?

काळा_कोट_नाशिक
वयासाठी आधी शाळेचं किंवा दहावीचं सर्टिफिकेट बघतात, ते नसेल तर महापालिकेचा दाखला, दोन्ही नसेल तर हाडांची टेस्ट. दोन्ही तारखांनी 18 च्या आतच असेल तर डोक्याला ताप करून घेऊ नका.

भरती: बाल न्याय कायद्याचं कलम 24. मंडळापुढे दोषी ठरला तरी त्या कारणाने पुढे कुठे अपात्र ठरवता येत नाही आणि अपिलाची मुदत गेल्यावर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. 2019 मध्ये सीआयएसएफच्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) नोकरीच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच धरलं. व्हेरिफिकेशनला त्रास होणारच नाही असं मी म्हणणार नाही, कागद जपून ठेवा.

निवृत्त_परिविक्षा
मी परिविक्षा अधिकारी होतो, प्रोबेशन ऑफिसर म्हणतात ते. आमच्या सुरुवातीच्या काळात निम्म्या पोरांची जन्मतारीख 1 जून असायची, मास्तरने शाळेत घालताना टाकलेली, त्यामुळे तारखांचा घोळ मला नवीन नाही.

मामा, कलमांचं वकील ताई बघतील. तुम्ही घर आवरू नका. हो, आवरू नका. तुमच्याकडे आता आमच्यासारखा कोणीतरी येईल, त्याला 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो, आणि मंडळावर मॅजिस्ट्रेटसोबत जे दोन समाजसेवक सदस्य असतात ते तोच कागद उघडून बसतात. लोक पाहुणे आल्यासारखं घर लावतात, पोराला इन शर्ट करून बसवतात, विचारलं की "आमचा बाळ तसा नाहीये साहेब". त्यातून मला काय लिहायला मिळणार? मी पोरगं झोपतं कुठे ते बघायचो. एका घरात पोराची पथारी जिन्याखाली होती, बाप पिऊन आला की त्याला आत झोपताच यायचं नाही, म्हणून तो रात्री चौकात, आणि चौकात कोण भेटणार? ते पहिल्या पानावर लिहिलं. निरीक्षणगृहात न पाठवता मामाकडे ठेवलं त्याला, पुढे आयटीआय केलं.

स्पष्टबोल्या, कोयत्याचं बोललात म्हणून. कोयता पोराच्या हातात असतो पण घेऊन देणारा चाळीशीचा असतो, त्याला माहितेय 18 च्या आतल्याला जास्तीत जास्त काय होतं. त्याच्यासाठी ह्याच कायद्यात कलम 83 आहे, मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या मोठ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. नशा दिली तर 77, त्यालाही सात वर्षांपर्यंत. माझ्या अख्ख्या नोकरीत 83 लागलेलं मी एकदा पाहिलं. एकदा. सगळा महाराष्ट्र 16 का 18 करत बसलाय आणि हा बाबा टपरीवर बसून चहा पितोय.

स्पष्टबोल्या
83 चं माहित नव्हतं काका. पण तुमचं ते जिन्याखालचं पोरगं एक झालं, फॉर्च्युनर घेऊन फिरणारी कुठे झोपतात ते पण लिहा कधी. माझं मत तेच आहे.

निवृत्त_परिविक्षा
एसीत झोपतात. अहवालात तेही लिहायचं असतं. आणि गाडी अल्पवयीनाच्या हातात दिली तर 2019 पासून मोटार वाहन कायद्यात बापालाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड आहे, पोराला 25 वयापर्यंत लायसन नाही. लावतात किती ते तुम्हीच बघा.

सिडकोवाला_मामा
अपडेट देतो. काल एक मॅडम येऊन गेल्या. काकांचं ऐकून काहीच आवरलं नव्हतं, ताईला ते आवडलं नाही. मॅडमनी खरंच विचारलं कुठे झोपतो. हॉलमध्ये, दाजींच्या नाईट शिफ्टमुळे दिवसा बेडरूम बंद असते, अभ्यास करायला जागा नाही म्हणून संध्याकाळी क्लासबाहेरच थांबायचा. आम्हाला कोणालाच हे माहित नव्हतं. मग मॅडमनी त्याला एकट्याला गॅलरीत नेऊन विचारलं, अर्धा तास. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि मला म्हणाला मामा कडं माझंच होतं.

मॅडमना सांगितलंय त्याने. स्पष्टबोल्या भाऊ, त्या पोराच्या घरी मी आणि दाजी रविवारी जायचं म्हणतोय, दार उघडतील न उघडतील. वकील ताई, असं जाणं केसच्या दृष्टीने चालेल का? जाणार तर आहेच.

काळा_कोट_नाशिक
भाच्याला नेऊ नका, केसचा विषय काढू नका, पैशाचं पाकीट तर अजिबात नको. तब्येत विचारा आणि या. आणि मॅडमना काय सांगितलं ते इथे कशाला लिहिलंत, त्या ओळी आधी डिलीट करा.