मदत हवीये: बिगिनरसाठी आनंदी क्लासिकल पियानो पीसेस

पियानो नवीनच शिकतोय, दोन्ही क्लेफ (उजव्या-डाव्या हाताच्या नोटेशनच्या ओळी) वाचता येतात पण हळू, आणि आता जरा खुशीतलं काहीतरी वाजवायचंय कारण सोपं म्हणून जे सुचवतात ते निम्मं रडकंच असतं. पेत्झोल्डचा जी मेजर या आनंदी वाटणाऱ्या स्केलमधला मिन्युएट (नाचाची छोटी रचना; तोच, जो वर्षानुवर्षं बाखच्या नावावर खपला) नीट बसलाय. मग शूमानच्या ओपस ६८ (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा क्रमांक) मधला 'हॅपी फार्मर' घेतला, त्यात मेन ट्यून डाव्या हातात आणि उजव्या हाताचे कॉर्ड्स ऑफबीटवर (ठोक्यांच्या मधे), तर माझे कॉर्ड्सच इतके जोरात पडतात की ट्यून ऐकूच येत नाही. हात वेगळे करून वाजवलं, मेट्रोनोमवर स्लो केलं, एकत्र आणलं की पुन्हा तेच. क्लेमेंटीची ओपस ३६ मधली पहिली सोनाटिना (छोटी, काही भागांची रचना) पण बघितली, नोट्स कळतात पण स्केलचे रन्स आले की बोटं अडखळतात आणि स्लो वाजवली की सगळी मजाच जाते.

कीबोर्ड ६१ कीजचा आहे, टच सेन्सिटिव्ह, पेडल नाही. ऑक्टेव्ह (सा ते वरचा सा) ताणून कसाबसा पोचतो. 'ओड टू जॉय'ची सोपी व्हर्जन्स नकोत, ओरिजिनलच सोपं असेल असं हवंय, मेजर की, फार तर दोन पानं.

तर मिन्युएट आणि क्लेमेंटीच्या मधलं, स्लो वाजवलं तरी आनंदीच वाटेल असं काय आहे? आणि बुर्गम्युलरच्या ओपस १०० मधल्या २५ सरावाच्या पीसेसपैकी सुरुवात कुठल्या नंबरने करू?