शाळांच्या निकालाची तुलना करायची तरी कशी?

माणची_सून: दोनशे उंबऱ्यांचं गाव आमचं. लेक जूनमध्ये पहिलीत जाईल. एक शाळा वाडीवरची, जिल्हा परिषदेची, पाचवीपर्यंत. दुसरी बाजारगावची इंग्रजी माध्यमाची, पिवळी गाडी दारात येते. तिच्या फलकावर 'पाचवी शिष्यवृत्ती १००%'. वाडीचा निकाल ५०. सासरे म्हणतात, आता विचार कसला करायचा? पण वाडीवरची पोरं तर घडाघडा वाचतात.

निवृत्त_गुरुजी: ताई, टक्के राहू द्या, आधी पट विचारा. पाचवीत किती मुलं, परीक्षेला बसवली किती, पात्र किती? वाडीवर चौघं बसली नि दोघं पात्र झाली की झाले ५०. त्यातल्या एकाचा त्या दिवशी तापामुळे पेपर बिघडला असता तर २५. निवडून तिघांनाच बसवलं नि तिघंही निघाली, की लागला शंभराचा फलक! न बसवलेली पोरं फलकावर येत नाहीत. मी स्वतः शिष्यवृत्तीचे जादा तास घेतलेत, म्हणून सांगतो: ३०० गुणांत मराठीला नि इंग्रजीला पन्नास-पन्नास, गणिताला नि बुद्धिमत्तेला शंभर-शंभर. सराव कुणी किती घेतला, ते त्यात जास्त दिसतं.

त्यापेक्षा मुख्याध्यापकांना विचारून तिसरीच्या वर्गात बसा. दुसरीच्या पुस्तकातला धडा वाचून घ्या, हातच्याची एक वजाबाकी घाला. दोन्ही शाळांत तेच करा. आणि शिक्षक मोजा. साठच्या आत पट म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने दोन शिक्षक, वर्ग मात्र पाच. त्यातले एक मतदार यादीच्या कामाला गेले की दुसऱ्यांनी पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची की पाचवीला अपूर्णांक शिकवायचे?

खडू_फळा: संकलित चाचणीचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, गुणही विचारून बघा. पण पेपर राज्याचा असला तरी तपासणारा वर्गशिक्षकच, हे ध्यानात ठेवा. विनाअनुदानित शाळेत ती चाचणी नसते, त्यामुळे या दोन शाळांना ती लावता येणार नाही.

गाडीवाला_बाप: गाडीत जाऊन-येऊन दोन तास जातात. पहिलीचं पोर घरी येतं ते पेंगतच.

माणची_सून: वाडीवर जाऊन आले. तिसरीत सहा मुलं. पाच जण न अडखळता वाचतात, वजाबाकी दोघांनाच जमली. बाई म्हणाल्या, दिवाळीपासून एकटीच आहे. इंग्रजी शाळेत वर्गात बसू देत नाहीत, ऑफिसातूनच माहितीपत्रक दिलं. सासऱ्यांना दोन्ही सांगितलंय. ते आता दुसरे शिक्षक कधी येणार ते विचारायला केंद्रप्रमुखांकडे निघालेत.