मदत हवी आहे : १८७७ सालच्या इंग्रजी स्पेलिंगवरून मूळ नाव कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

भोजपुरी जाणणारं किंवा उत्तर प्रदेशात बलिया-गाझीपूरकडे राहिलेलं कुणी इथे आहे का? दोन नावं देवनागरीत लिहायची आहेत. ती पितळी थाळीवर घालून घ्यायची आहेत, म्हणजे एकदा कोरली की खोडता येणार नाहीत. म्हणून घाईने काही ठरवायचं नाहीये.

आम्ही टोरांटोत स्कारबरो भागात राहतो. शेजारी दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या एक आंटी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्या झाकलेलं भांडं घेऊन आल्या, म्हणाल्या, "बैगन चोका." झाकण काढलं तर वांग्याचं भरीत! त्यांना हिंदी बोलता येत नाही, पण थाळीला त्या 'तरिया' म्हणतात, लोट्याला लोटाच म्हणतात, आणि पूजा झाली की मागच्या अंगणात बांबूला लाल झंडी लावतात. मला सतत काहीतरी विचारत असतात. तुमच्याकडे लग्नाआधी बायका वाजतगाजत माती खणायला जातात का, त्याला आमच्याकडे मटिकोर म्हणतात, तुम्ही काय म्हणता? मी आईला फोन करकरून उत्तरं देते.

मागच्या महिन्यात त्यांच्या भाच्याने जॉर्जटाउनच्या अभिलेखागारातून एका कागदाचा फोटो मिळवला. त्यांची पणजी १८७७ साली कलकत्त्याहून करारावर ऊसमळ्यात कामाला गेली, तिचा तो परवाना. छापील रकाने, त्यात शाईने भरलेली तिरकी अक्षरं. वय वीस. उंची चार फूट अकरा इंच. अंगावरची खूण : डाव्या नडगीवर व्रण. जात अहीर. जिल्हा गाझीपूर, ठाणं रसडा. गावाच्या नावावर डाग पडलाय, ते वाचता येत नाही. आंटींनी त्या व्रणाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. पणजीचा फोटो नाही, तिच्या शरीराविषयी एवढी एकच गोष्ट घरात उरली आहे.

आता अडचण नावांची.

पणजीचं नाव असं लिहिलंय : एस, डबल ओ, एम, ए, आर, ई, ए. घरातले सगळे 'सूमारिया' म्हणतात. पण त्या काळच्या कारकुनांची डबल ओ म्हणजे ऊच असेल असं नाही, ऱ्हस्व उलाही ते तेच लिहायचे. याच कागदावर गाझीपूरच्या 'झी'ला डबल ई आहे आणि 'पूर'चं 'पोअर' झालंय, कानपूरचं 'कॉनपोर' व्हायचं तसं. आपल्या पुण्याचं पूना त्याच वळणाचं. मग हे सुमरिया की सोमरिया? सोमवारी जन्मली म्हणून असेल का? आपल्याकडे वारली-ठाकरांत सोमी, बुधी, शुक्री अशी नावं असतात, त्यावरून मला सुचलं.

वडिलांच्या नावाच्या रकान्यात जी, एच, डबल ओ, आर, ए, एच, डबल ओ. इथे माझी मतीच खुंटते. आंटींची खात्री आहे की हे 'गुरू'वरून आलंय, म्हणजे आपले खापरपणजोबा गावात शिकवत असणार. नातवंडांनाही त्यांनी तसंच सांगितलंय. मला ते पटत नाही, कारण सुरुवातीला 'जी'ला 'एच' लावलेला आहे. 'घ' ऐकल्याशिवाय कारकून तो 'एच' कशाला लावेल?

अशी नावं वाचताना आपणही फसतो, हे मला आत्ता कळतंय. लहानपणापासून पेपरात वेस्ट इंडीजच्या क्रिकेटपटूंमध्ये शिवनारायण चंद्रपॉल वाचलं आणि ते 'पॉल' मला इंग्रजीच वाटायचं. तो साधा चंद्रपाल आहे, गयानाचाच. कालिचरण म्हणजे कालीचरण. रोहन कन्हायचं आडनाव म्हणजे कन्हाई, आपला कृष्ण! गावसकरांनी त्याच्यावरून मुलाचं नाव रोहन ठेवलं, हे सगळ्यांना माहीत असतं, पण मला त्या आडनावात कृष्ण कधी दिसला नव्हता. आंटींच्या नात्यात एक 'किसून' आहेत आणि एक 'बिसून'. ते किशुन आणि बिसुन, म्हणजे कृष्ण आणि विष्णू, हे मी सांगितलं तेव्हा त्या दोन्ही हात गालांवर ठेवून हसल्या. १८३८ ते १९१७ या काळात सुमारे २,३९,००० माणसं हिंदुस्थानातून गयानाला गेली. बहुतेकांची नावं अशीच, ऐकणाऱ्याच्या कानाने कागदावर उतरलेली.

डिसेंबरात मी पुण्याला येतेय. तांबट आळीतून थाळी घेऊन त्यावर नावं घालून आणायची आणि पाच मेला, पहिले हिंदुस्थानी गयानात उतरले त्या त्यांच्या आगमन दिनाला, आंटींना द्यायची असं ठरवलंय. कृपया नीट माहिती असलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद

ताई, आमचं घराणं पाच पिढ्या काशीत, ब्रह्माघाटाजवळ. घरात मराठी, गल्लीत भोजपुरी.

पहिलं नाव सुमरिया लिहा. तिकडे सोमवारला 'सोमार' म्हणतात. शेवटी 'इया' लागला की आधीचा स्वर आखडतो : लोटा पण लुटिया, बेटी पण बिटिया. तसंच सोमारची सुमरिया. शनिवारची सनिचरी, मंगळवारची मंगरी, तशी ही सोमवारची.

दुसरं नाव घुरहू. यात मला तरी शंका वाटत नाही. घूर म्हणजे उकिरडा. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे पुढचं मूल जन्मलं की त्याला क्षणभर घुरावर ठेवायचे आणि 'टाकून दिलेलं' म्हणून परत उचलून आणायचे. मृत्यूने त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये म्हणून. फेंकू, बेचन, तिनकौडी ही नावंही त्यातलीच : फेकलेला, विकलेला, तीन कवड्यांना घेतलेला. माझ्या लहानपणी आमच्याकडे दूध घालायला येणारे काका घुरहूच होते आणि त्या नावाची त्यांना कधी लाज वाटलेली मी पाहिली नाही.

आणखी एक. गाव शोधायचं झालं तर आजच्या गाझीपूर जिल्ह्यात शोधू नका. १८७९ साली बलिया जिल्हा वेगळा झाला, रसडा आता तिकडे आहे.

प्रतिसाद

यवतमाळकडून लिहितोय. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात आणि उकंडराव हे नाव जुन्या लोकांत आहे. कारण हेच. देशावर केरबा, धोंडू, दगडू, भिकाजी ठेवतात, त्यांच्यामागेही हीच कथा. आंटींना सांगताना ही नावं सोबत सांगा, म्हणजे त्यांना एकटं वाटणार नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काशीकर काका, लुटिया-बिटियाचा दाखला तर मी वहीत उतरवून घेतला.

चार दिवस मला आंटींना सांगायचा धीर होत नव्हता. नातवंडांना 'गुरू' सांगितलेल्या बाईला 'उकिरडा' कसं सांगायचं? शेवटी काल संध्याकाळी गेले. आधी माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचं सांगितलं. त्यांचं नाव केरबा, केर म्हणजे झाडून काढलेला कचरा. त्यांच्या आधीची तीन भावंडं महिन्याच्या आत गेली होती. मग घुरहूचा अर्थ सांगितला.

त्या काही बोलल्या नाहीत. उठून आतून तो फोटो आणला, चष्मा लावला आणि वडिलांच्या नावाच्या रकान्याकडे बघत मला विचारलं, "त्याच्या आधी किती गेली असतील?"

मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "इतक्या कष्टाने जगवलेल्या मुलाची मुलगी बोटीत चढली तेव्हा त्याला कळलं तरी असेल का?"

थाळीवर काय घालायचं ते त्यांनीच ठरवलं. दोन्ही नावं हवीत, आणि गुरू नको. तेव्हा काका, शेवटचं एकच विचारते. 'घुरहू की बेटी सुमरिया' हे तिच्या बोलीत लिहायचं झालं तर 'घुरहू के बेटी सुमरिया' बरोबर होईल ना? कारागिराला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं आहे.