वाळवंट ही केवळ पार्श्वभूमी नव्हे

श्रद्धाळू ख्रिस्ती चित्रकाराला वाळवंटाशी फारसे देणेघेणे नसते, तिथला प्राणी त्याच्या लेखी निव्वळ प्रतीक असतो, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. प्रतीक असते हे खरे, पण त्यामुळे निरीक्षण उणे पडते असे नाही. विल्यम होल्मन हंट या इंग्रज चित्रकाराचे ‘द स्केपगोट’ हे चित्र या संदर्भात पाहायला हवे. लोकांची पापे माथी घेऊन रानात सोडलेल्या बकऱ्याचा हा विषय बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायातला. तो लंडनमधल्या स्टुडिओत बसूनही रंगवता आला असता. परंतु हंट 1854 मध्ये थेट मृत समुद्राच्या दक्षिण टोकाला गेला आणि मिठाने माखलेला तो किनारा व पलीकडचे अदोमचे डोंगर त्याने समोर पाहून रंगवले. सोबतचा बकरा दगावला, तेव्हा जेरुसलेममध्ये दुसरा बकरा मिळवून, मृत समुद्राकाठून आणलेल्या मीठ-चिखलात त्याला तिथेच उभे करून त्याने काम पुरे केले.

चित्रात बकऱ्याचे पाय मिठाच्या पापुद्र्यावर कसे डगमगतात, ते जवळून पाहावे. शिंगांना लाल फडके बांधलेले आहे, मागे उंटाचा सांगाडा आहे. मूळ कथा ठाऊक नसलेल्यालाही तहानेने खचलेला एक जिवंत प्राणी तिथे दिसतो. हंटने याच विषयावर दोन चित्रे रंगवली; मँचेस्टरमधील लहान चित्रात इंद्रधनुष्य आहे. इंग्लंडमधल्याच लेडी लीव्हर कलादालनातील मोठ्या चित्रात ते नाही, आणि मला तेच अधिक खरे वाटते.