पावसाचा जुना मॅटलॅब कोड: ऑक्टेव्ह की पायथन?

जिरायती: नमस्कार मंडळी. मी पाणलोटावर पीएचडी करते. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाची पाव अंशाच्या चौकटीची रोजच्या पावसाची माहिती वापरते. प्रयोगशाळेतला जुना कोड मॅटलॅब या विकतच्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि कॉलेजचा परवाना यंदा संपतोय. सगळं पायथनमध्ये नव्यानं लिहू की ऑक्टेव्ह या मॅटलॅबसारख्याच फुकट सॉफ्टवेअरवर भागेल? पुढे थोडं मशीन लर्निंगही (माहितीवरून संगणकाला अंदाज शिकवणं) करायचंय. लॅपटॉप साधाच आहे.

मापाडी: ताई, आधी ऑक्टेव्ह, मग पायथन. मी धरणात येणाऱ्या पाण्याचे हिशेब करतो आणि हा क्रम सोडू नका असंच सांगेन. जुना कोड ऑक्टेव्हमध्ये बहुतेक जसाच्या तसा चालतो. एखादं फंक्शन सापडलं नाही तर स्टॅटिस्टिक्स पॅकेज लोड करून बघा. निघालेले आकडे जपून ठेवा. पायथनमध्ये लिहिलेली प्रत्येक पायरी त्यांच्याशी ताडून बघायची. (ऑक्टेव्ह मुळात रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी योजलेलं. त्याला नावही त्या विषयाचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचं. हातासरशी अंदाज बांधण्यात त्यांचा हातखंडा होता.)

ताडायचं कशासाठी, तर चुका गुपचूप होतात, प्रोग्राम कुरकुर करत नाही. प्रमाण विचलन घ्या. मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह 'एन वजा 1' ने भागतात (एन म्हणजे नोंदींची संख्या), पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज नमपाय मात्र सरळ 'एन' ने. 30 वर्षांच्या मालिकेत उत्तर सुमारे 1.7 टक्के कमी येतं. नमपायला डीडीओएफ (एन मधून किती वजा करायचं ती संख्या) 1 द्यावं लागतं. पायथनचंच तक्त्यांचं पॅकेज पांडास पुन्हा 'एन वजा 1' ने भागतो, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये दोन उत्तरं!

दुसरं, नमपायमध्ये ॲरेचा (आकड्यांच्या मांडणीचा) तुकडा काढून त्यात बदल केला की मूळ ॲरेही बदलतो. जुन्या कोडमध्ये तुकडा म्हणजे वेगळी प्रत होती. इथे कॉपी मुद्दाम मागायची.

जिरायती: फारच उपयोगी! माझ्याकडे बायनरी ग्रिड फाइली (नुसते आकडे ओळीनं साठवलेल्या) आहेत. त्या पायथनमध्ये वाचल्या तर नकाशा विस्कटतो.

मापाडी: मांडणी उलटी धरली असणार. चौकट 135 रेखांश गुणिले 129 अक्षांशांची, आणि फाइलीत रेखांश सगळ्यात भरभर बदलतो. मॅटलॅब स्तंभ आधी भरतो, म्हणून तिथे 135, 129, दिवस असा क्रम. नमपाय ओळ आधी भरतो, तिथे दिवस, 129, 135 लिहा. फ्लोट 32 मध्ये (दर आकड्याला 4 बाइट) अख्खं वर्ष सुमारे 25 एमबी होतं, साध्या लॅपटॉपला जड नाही. आणि उणे 999 म्हणजे माहिती नाही. सरासरीच्या आधी तिथे नॅन ('आकडा नाही' ही खूण) घाला आणि ती वगळून सरासरी काढणारं नॅनमीन वापरा, नाहीतर समुद्रावरचा 'पाऊस' कोकणची सरासरी शून्याखाली नेईल. नेटसीडीएफ (अक्षांश-रेखांशासकट माहिती ठेवणाऱ्या) फाइली मिळत असतील तर एक्सअ‍ॅरे हे पायथनचं पॅकेज घ्या, अक्षांश-रेखांश नावानिशी येतात.

सांजवारा: मशीन लर्निंगबद्दल एक आग्रह. सायकिट-लर्न या पायथनच्या पॅकेजमध्ये दिवस पिसून ट्रेनिंग (शिकवायचे) आणि टेस्ट (तपासायचे) वेगळे करू नका. 12 जुलै टेस्टमध्ये आणि 11 व 13 ट्रेनिंगमध्ये गेले, की एकाच पावसाळी झडीतले दिवस दोन्हीकडे येतात आणि मॉडेल उगाच हुशार दिसतं. आधीचे दिवस ट्रेनिंगला आणि नंतरचे टेस्टला देणारं टाइमसिरीजस्प्लिट वापरा. स्केलिंगही (आकडे एका मापात आणणं) पाइपलाइनमध्येच (फक्त ट्रेनिंगवरून शिकणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीत) ठेवा, म्हणजे टेस्टच्या वर्षांची सरासरी आधीच आत झिरपत नाही.

जिरायती: मग एल निनोची (बहुधा कमी पावसाची) वर्षं सगळी टेस्टमध्येच गेली तर?

सांजवारा: तर अखंड वर्षांचे गट करा आणि एकच गट ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये न विभागणारं ग्रुपकेफोल्ड लावा. प्रत्येक गटाचा निकाल वेगळा छापा. कोरड्या वर्षांत मॉडेल कुठे पडतं ते तिथेच दिसेल, आणि पाणलोटाच्या कामाला तोच आकडा लागतो.