आरटीओएस पोर्ट करायचाय, बोर्ड कुठला घेऊ?

डोंबिवली_फास्ट
नमस्कार मंडळी, इलेक्ट्रॉनिक्स फायनल इयर. आम्ही तिघांनी सरांसमोर छाती ठोकून सांगितलंय की फ्रीआरटीओएसचा (मायक्रोकंट्रोलरवर अनेक टास्क वेळेत चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) कर्नल, म्हणजे गाभा, घेऊ पण त्याला ठरावीक चिपवर बसवणाऱ्या, म्हणजे पोर्ट करणाऱ्या फाइल्स, पोर्ट डॉट सी आणि पोर्टमॅक्रो डॉट एच, रेडीमेड न उचलता स्वतः लिहू, आणि आता घाम फुटलाय. बोर्डच ठरत नाहीये. घरी अर्डुइनो उनो पडलाय, एक मित्र म्हणतो ईएसपी३२ घे, ड्युअल कोर, वायफाय, स्वस्तात मस्त, दुसरा म्हणतो रास्पबेरी पाय पिको. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातोय, त्याआधी सांगा प्लीज. पैसे एकाच बोर्डाचे आहेत.

सोल्डरवाला
उनो विसर, २ केबी रॅम, तीन-चार टास्कचे स्टॅक (प्रत्येकाची तात्पुरती मेमरी) ठेवलेस की खलास. ईएसपी३२ भारी आहे पण तुझ्या कामाचा नाही, त्यात फ्रीआरटीओएस आधीच बसवून येतो आणि वायफाय त्याच्याच जिवावर चालतं, मग तू पोर्ट काय करणार, डोंबल? पिको घे. २६४ केबी रॅम, आणि दुसरा पिको डीबगर (चालू कोड थांबवून आत बघायचं साधन) म्हणून वापरता येतो.

जुना_फर्मवेअर
पिकोबद्दल जरा थांब. त्यात एआरएमचा कॉर्टेक्स-एम० प्लस प्रोसेसर आहे, कॉन्टेक्स्ट स्विच (एक टास्क थांबवून दुसरा सुरू करणं) लिहिताना आर८ ते आर११ रजिस्टर सरळ स्टॅकवर टाकता येत नाहीत, आधी खालच्या रजिस्टरमध्ये आणावे लागतात. बेसप्राय (ठरावीक प्रायॉरिटीपर्यंतचेच इंटरप्ट अडवणारं रजिस्टर) नाही, म्हणजे क्रिटिकल सेक्शनला (मधेच तोडू नये अशा कोडला) सगळेच इंटरप्ट बंद. चालतं, पण पहिल्यांदा लिहिणाऱ्याने हा ताप कशाला घ्यायचा, आणि वर दुसरा कोअर बोनस.

कॉर्टेक्स-एम३ किंवा एम४वाला बोर्ड घे. माझं मत एसटी कंपनीचा न्यूक्लिओ एफ४४६आरई. १८० मेगाहर्ट्झ, १२८ केबी रॅम वगैरे आहे पण मी त्यासाठी सांगत नाहीये, एसटी-लिंक डीबगर बोर्डावरच आहे म्हणून सांगतोय. पोर्ट करताना निम्मा वेळ हार्डफॉल्टमध्ये (चुकीमुळे प्रोसेसर अडकतो त्यात) जातो, तिथे प्रिंटएफ काही कामाचं नाही, जीडीबी हा डीबग प्रोग्राम लावून पीएसपी (टास्कचा स्टॅक पॉइंटर) कुठे गेला ते बघावंच लागतं. मी शंभर रुपये वाचवायला ब्लू पिल हा स्वस्त बोर्ड घेतला होता, चिप क्लोन निघाली, ओपनओसीडी (डीबगरमधून चिपशी बोलणारा प्रोग्राम) म्हणे चिपचा आयडीकोड जुळत नाही, आणि मी दोन रात्री स्वतःच्या कोडला शिव्या घालत बसलो.

डोंबिवली_फास्ट
पण एम४ मध्ये एफपीयू (दशांश गणिताचं युनिट) आहे ना, त्याचे रजिस्टर पण सेव्ह करावे लागतील? एम३ सोपा नाही का मग?

जुना_फर्मवेअर
सुरुवातीला एफपीयू चालूच करू नकोस, कंपायलरला सॉफ्ट फ्लोट (ते गणित सॉफ्टवेअरमध्ये कर) सांग, मग तो एम३ सारखाच वागतो. आठ रजिस्टर हार्डवेअर स्वतः स्टॅकवर ठेवतो, आर४ ते आर११ तू ठेवायचे, पेंडएसव्हीची (टास्क बदलायच्या इंटरप्टची) प्रायॉरिटी सगळ्यात खाली. हे नीट चाललं की मग एफपीयू, सरांना दाखवायला एक जास्तीचा मुद्दा. आणि क्यूब (एसटीचं कोड तयार करणारं टूल) वापरणार असशील तर त्याच्या हॅल लायब्ररीला टिम६ टायमर दे, सिसटिक टायमर तुझ्या कर्नलसाठी मोकळा सोड, नाहीतर दोघांची मारामारी.

हार्बर_लाईन
बोर्ड यायच्या आधी क्यूईएमयू एम्युलेटरवर एमपीएस२-एएन३८५ हा बोर्ड चालवून बघ, तो एम३ आहे, फुकट आहे आणि जीडीबी लागतो. लोकलमध्ये वायरी काढून बसलास तर पब्लिक चेन खेचेल, हे लॅपटॉपवर गुपचूप होतं.

डोंबिवली_फास्ट
न्यूक्लिओ घेतला. पहिला टास्क सुरू होतानाच हार्डफॉल्ट 😭 स्टॅक फ्रेम तीनदा तपासली, पीसी (पुढच्या सूचनेचा पत्ता) बरोबर आहे.

जुना_फर्मवेअर
त्या फ्रेममधला एक्सपीएसआर (स्टेटस रजिस्टर) शून्य ठेवलायस ना? २४ वा बिट १ कर, तो थंब बिट (थंब सूचना चालवायची खूण).

डोंबिवली_फास्ट
दोन्ही एलईडी लुकलुकतायत!! काका, वडापाव लागू.